मान डोक्यात नेमका कुठे असतो

माझ्या डोक्यात मान नेमका कुठे असतो ते मी बोट ठेवून दाखवू शकतो. उजव्या कानाच्या वर चार बोटं, तिथून पेरभर आत. थोडा डावीकडे आहे, थोडा कपाळामागे. त्याचं रंगीत चित्र माझ्या दुकानात काचेखाली ठेवलेलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, "जोतीमामा, हा कुठल्या तालुक्याचा नकाशा?" मी म्हणतो, "माझ्या." मग सगळी हकीकत सांगावी लागते आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा फेटा अर्धाच राहतो. म्हणून एकदाची लिहूनच काढतो.

मी जोतिराम शेळके. फलटणला शुक्रवार पेठेत माझं फेट्यांचं दुकान आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून, म्हणजे एकोणचाळीस वर्षं, मी लोकांच्या डोक्यांना फेटे बांधतोय. नवरदेवांचे, वरबापांचे, पुढाऱ्यांचे, एकदा तर शर्यत जिंकलेल्या बैलाचाही. अलीकडे शिवलेले तयार फेटे निघालेत, टोपीसारखे घातले की झालं. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, कारण लिहायला लागलो तर थांबणार नाही.

मी तसा रागीट माणूस नाही. आयुष्यात एकच राग धरला, पण तो धरला तो अकरा वर्षं सोडला नाही.

झालं असं. माझी थोरली बहीण अक्का कोरेगावला दिलेली. तिच्या मुलाच्या लग्नात सकाळी सहापासून मी मांडवात फेटे बांधत होतो. एकशे त्र्याहत्तर बांधले. बोटं सुजून जाड झाली. अकरा वाजता माइकवरून मानाचे फेटे सुरू झाले. नाव पुकारलं की त्या माणसाने खुर्चीवर येऊन बसायचं, अक्काच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या विश्वासराव निकम दाजींनी, फेट्याला हात लावून तो माझ्याकडे द्यायचा आणि मी बांधायचा. चुलते झाले, आत्यांचे यजमान झाले, सरपंच झाले, सरपंचांचा ड्रायव्हर झाला. पाण्याच्या टँकरवाल्यालाही बोलावलं. मग माइकवाला म्हणाला, "नजरचुकीनं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमा असावी," आणि त्याने गाणी लावली.

माझ्या पिशवीत एक अंजिरी फेटा होता. मी सकाळपासून तो बाजूला काढून ठेवला होता, स्वतःसाठी. मुलाचा सख्खा मामा मी. माझं नाव कधी तरी पुकारतीलच अशा हिशेबाने मी तिथे बोडका उभा होतो. दाजी घाईघाईत समोरून गेले, मला पाहून हसले आणि म्हणाले, "अहो जोतिराम, बोडकेच राहिलात की! घ्या बांधून एखादा. तुमचं काय, तुम्ही घरचेच!"

घ्या बांधून एखादा. स्वतःच, स्वतःला. मी पिशवी उचलली, न जेवता स्टँडवर गेलो आणि मिळेल त्या गाडीने फलटणला आलो. त्यानंतर कोरेगावच्या घराची पायरी चढलो नाही. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं, पण अकरा वर्षं अक्काच माझ्याकडे ताट घेऊन येत होती. ओवाळताना दर वर्षी म्हणायची, "जोती, आता सोड की रं." मी म्हणायचो, "निरांजन धर नीट, तेल सांडंल."

*

यंदा मार्चमध्ये एका दुपारी शर्वरी दुकानात आली. शर्वरी ही अक्काची धाकटी मुलगी. पुण्यात एका संस्थेत मेंदूवर संशोधन करते. तिचं जावळ माझ्याच मांडीवर काढलेलं. तेव्हा तिने न्हाव्याला लाथ मारली होती आणि मला पानाफुलांसकट ओलं केलं होतं.

"मामा, माझं लग्न ठरलंय. वैशाखात, नऊ तारखेला."

"अक्का बोलली."

ती इकडेतिकडे बघत राहिली. मुलीला मांडवात तिच्या मामाने आणायचं असतं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. हे तिला ठाऊक, मला ठाऊक. तिने टेप शोधायला म्हणून खालचा खण उघडला आणि त्यातला अंजिरी फेटा तिला दिसला. घडीही मोडलेली नव्हती.

"हा कुणाचा?"

"कुणाचा न्हाई. ठेव तिथंच."

तिने खण लावला. मग एकदम म्हणाली, "आई शिवाजीमामाला विचारणार आहे. मांडवात आणायला. तू येणार नाहीस असं धरून."

शिवाजी हा आमचा चुलतभाऊ. माणूस चांगला आहे, पण चालताना पाय घासतो. माझ्या भाचीला पाय घासत मांडवात आणणार? पण तोंडाने मी एवढंच म्हणालो, "विचारा की. तो बी मामाच हाय."

"बरं. मग माझं दुसरं एक काम कर," शर्वरी म्हणाली. "पुण्याला चल. तुझी बोटं पाहिजेत. आणि जमलं तर डोकंही."

विजेच्या एसटीतून जाताना तिने काम समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा अतिशय बारीक वीज वाहते. वीज वाहिली की भोवती चुंबकाचं क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकापेक्षा ते कोट्यवधी पटींनी क्षीण असतं, तरी आता ते मोजणाऱ्या संवेदक तारा निघाल्या आहेत, जरीच्या धाग्याएवढ्या बारीक. त्या तारांवरून कुठल्या पेशी केव्हा जाग्या झाल्या ते पडद्यावर दिसतं. अडचण एवढीच होती की तारा बसवलेली टोपी डोक्यावर नीट बसत नव्हती. एखाद्या दाण्याएवढी फट राहिली तरी सगळा गोंधळ व्हायचा.

"बसंल कशी?" मी म्हणालो. "एका डोक्यासारखं दुसरं डोकं नसतं. डावी बाजू आणि उजवी बाजूसुद्धा सारखी नसती. टोपी शिवायचीच न्हाई, बांधायची."

"तेच मी आमच्या बाईंना सांगितलं. म्हटलं, माझा मामा आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं, ते मी दाखवलं नाही. उलट विचारलं, "पण बांधून बघणार काय? विचार काय डोळ्याला दिसणारी वस्तू हाय?"

"तेच तर बघतोय. आंबा हा शब्द ऐकला, आंब्याचं चित्र पाहिलं, नुसता वास आला, तरी तुझ्या मेंदूत त्याच काही हजार पेशी एकदम जाग्या होतात. एका जागी नसतात, इथेतिथे पसरलेल्या असतात. त्या मिळून म्हणजे तुझा आंबा. शून्य, न्याय, लाज, मान, ज्यांना हात लावता येत नाही अशा गोष्टींचंही तसंच."

"आणि मी आंब्याचा विचार करत नसंल तवा? तवा कुठं जातो आंबा?"

ती म्हणाली, "तुमचं गणेश मंडळ फेब्रुवारीत कुठे असतं?"

"असतंय की. पोरं असत्यात गावातच. हाक मारली की गोळा होत्यात."

"तसंच. पेशी तिथेच असतात, एकमेकींना घट्ट जोडलेल्या. एकीला हाक गेली की बाकीच्या गोळा होतात. आणि मंडळातली पोरं जशी भजनातही असतात आणि कबड्डीतही असतात, तशी एकच पेशी पाच-पन्नास विचारांत असते."

एवढं सोपं आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

*

संस्थेच्या प्रमुख डॉ. कुंदा देवस्थळी नावाच्या बाई होत्या. बारीक चणीच्या, कापलेले पांढरे केस, आणि हसल्या की खोलीभर ऐकू जायचं. त्यांच्या त्या खास खोलीचं दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड होतं. आत लोखंडाचा कण न्यायचा नाही. मी खिशातल्या टाचण्या, कात्री, किल्ल्या बाहेर काढून ठेवल्या. पट्ट्याच्या बकलामुळे पट्टाही काढावा लागला. मग एका हाताने विजार धरून आत गेलो, हे इतिहासात नोंदवून ठेवतो.

तीन दिवस मी आणि शर्वरी कापड शोधत होतो. रेशीम घसरतं, जाड सुती कापड तारांना दाबतं. शेवटी मऊ मलमलीच्या आठ मीटर कापडात तारा विणून घेतल्या. पहिला फेटा मी डॉक्टरीणबाईंच्याच डोक्याला बांधला. पिळाचा पदर कुठे घट्ट आणि कुठे सैल ठेवायचा हे हाताला कळतं, सांगता येत नाही. बाहेर पडद्यावर शर्वरी एकदम ओरडली. आजवर धुकं दिसायचं तिथे आता एकेक ठिपका वेगळा दिसत होता.

"शेळके, तुम्ही आमची सात वर्षं वाचवलीत," बाई म्हणाल्या.

"शेमला सोडू का?" मी विचारलं. शेमला म्हणजे पाठीवर सोडतात ते फेट्याचं टोक. "शास्त्राला लागत नसंल, पण बरा दिसतो."

बाईंनी शेमला सोडायला लावला आणि तो पाठीवर घेऊन दिवसभर फिरल्या.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. विचार दिसतात म्हटल्यावर लोकांनी जे विचारायचं तेच विचारलं. सांगलीकडचे एक वरपिते संस्थेत आले. मुलीच्या बापाच्या डोक्यात आमच्याबद्दल खरोखर मान आहे का ते तपासून द्या, आणि असेल तर किती इंच, ते लेखी द्या, असं त्यांचं म्हणणं. एका गावातून फोन आला की यात्रेत पहिल्या नारळाचा मान दोन भावकींपैकी कुणाचा, हे दोघांच्या डोक्यात बघून ठरवा. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. ज्याचं डोकं, त्याचीच परवानगी, आणि निकालबिकाल इथे मिळत नाही.

मी मात्र स्वतःहून खुर्चीत बसलो. फेटा माझा मीच बांधला. आजवर दुसऱ्या कुणी तो बांधलेलाच नव्हता. बाई माइकवरून एकेक शब्द म्हणत होत्या. आंबा, पाऊस, शून्य. मग म्हणाल्या, "मान."

नंतर पडद्यावर बघितलं तर जत्रेत दिवे लागावेत तसं माझं डोकं उजळलं होतं. बाई म्हणाल्या, "बाप रे. माझा याच्या निम्मा पण नाही."

"पूर्वीपासून हाय," मी म्हणालो. खरं तर मला जरा अभिमानच वाटला.

तेव्हाच मला कळलं की त्यांच्याकडे दुसरंही एक यंत्र आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या जागी सोडून पेशींचं एखादं मंडळ थोडा वेळ गप्प बसवता येतं. उंचीची किंवा बंद खोलीची भीती घालवायला ते वापरणार होते. मी दोन दिवस विचार केला. मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो.

"बाई, माझा मान दिवसभर बंद करून मिळंल का?"

"कशाला हो?"

"मला भाचीला मांडवात न्यायचंय. मला लई जायचंय, पर पाय उचलत न्हाई."

त्यांनी मला बसवून घेतलं. धोके सांगितले, कागद वाचून दाखवले, एक दिवस थांबायला लावलं. शर्वरी नाही नाही म्हणत होती, पण डोकं माझं होतं. शेवटी चाचणी म्हणून दहा मिनिटांची परवानगी मिळाली, कॅमेरा सुरू ठेवून.

काय वाटलं ते सांगतो. उन्हाळ्यात दिवसभर घातलेली चप्पल काढल्यावर वाटतं तसं वाटलं. मी मुद्दाम दाजींचं ते वाक्य आठवलं. तुमचं काय, तुम्ही घरचेच. काही झालं नाही. रेडिओवर हवामान सांगतात तसं ऐकू आलं. मी आनंदाने ओरडलो, "गेला! चला कोरेगावला!"

शर्वरीचे डोळे भरून आले. "मग मला मांडवात आणशील?"

मी म्हणालो, "आणीन की. न्हाई तर शिवाजी आणंल. कुणी आणलं म्हणून काय फरक पडतोय?"

हे मी बोललो. मला तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही. दहा मिनिटांनी यंत्र थांबलं, अंगात सगळं परत आलं, आणि कॅमेऱ्यात मी ते वाक्य ऐकलं. त्या चित्रात माझा चेहरा शांत होता आणि माझ्यासमोर बसलेल्या पोरीचा चेहरा पडलेला होता. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"मामाची चूक नाही," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "हे बघ." त्यांनी पडद्यावर दोन चित्रं एकमेकांवर ठेवली. एक मानाचं आणि दुसरं शर्वरीचं नाव ऐकल्यावर उमटलेलं. शंभरातल्या सत्तर पेशी त्याच होत्या. "यांच्या डोक्यात मान वेगळा नाहीच. जावळाला मांडीवर तू होतीस, कान टोचताना तू होतीस. तुझा मामा असणं, हाच यांचा मान. तो गप्प केला की मामाही गप्प होतो."

म्हणजे जो मान मला तिच्या लग्नाला जाऊ देत नव्हता, तोच मला जायला सांगत होता. मी बाईंना म्हणालो, "हे यंत्र माझ्यावर पुन्हा चालवायचं न्हाई." त्यांनी कागदावर तसं लिहून घेतलं.

*

पुढच्या आठवड्यात मी खोलीत मलमल झटकत होतो. दार उघडलं आणि एका हाताने विजार धरून विश्वासराव दाजी आत आले.

मागे शर्वरी होती. तिने आपल्या बापालाही तेच सांगितलं होतं, "बाबा, डोकं पाहिजे." दाजी हायस्कूलचे निवृत्त भूगोलाचे मास्तर, शास्त्राचं काम म्हटल्यावर धावत आले. मी इथे आहे हे त्यांना तिने सांगितलंच नव्हतं.

"बसा," मी म्हणालो. कामाच्या जागी मी भांडत नाही.

ते बसले. अकरा वर्षांनी त्या डोक्याला हात लावला. केस बरेच गेले होते. मागच्या बाजूला लहानपणी झाडावरून पडल्याची खोक होती, ती तशीच होती. मी पीळ देत गेलो. ते समोर भिंतीकडे बघत होते, मी त्यांच्या टाळूकडे. फेटा मात्र असा बसला की बाई नंतर म्हणाल्या, इतकं स्वच्छ चित्र अजून मिळालेलं नाही.

चाचणी झाल्यावर दोघांची परवानगी घेऊन बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. माझं आणि दाजींचं.

"शब्द एकच," त्या म्हणाल्या. "मान. शेळके, तुमच्या डोक्यात मान आणि घरचा माणूस हे जवळजवळ एकच मंडळ आहे. निकमसर, तुमच्या डोक्यात ही दोन मंडळं अगदी वेगळी आहेत, दोघांत समाईक पेशी जवळजवळ नाहीत. तुमच्या मानाबरोबर काय जागं होतं, सांगू का?"

"सांगा," दाजी म्हणाले.

"धास्ती. परका माणूस, समारंभ, काही चुकेल का, ही धास्ती. आणि जोतिराम हे नाव ऐकल्यावर मानातली एकही पेशी हलत नाही. घराचं मंडळ जागं होतं. जिथे तुम्ही बनियनवर बसता ते."

दाजी पडद्याजवळ गेले आणि बोट फिरवत दोन्ही चित्रं वाचत गेले. नकाशा वाचायची त्यांना सवय होतीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं आहे. मी लोकांना मान देतो तो त्यांच्या धास्तीनं. टँकरवाल्याची मला धास्ती होती, तो पाणी बंद करील म्हणून. तुमची मला कधी धास्ती वाटलीच नाही, जोतिराम. तुम्हाला घरचं म्हटलं, याच्यापुढे म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. अकरा वर्षं मी तुमच्या अक्काला विचारतोय, माझं चुकलं काय?"

त्यांचा आवाज ओला झाला होता. पण मी खोटं लिहिणार नाही. समजलं म्हणून राग गेला, असं झालं नाही.

"दाजी," मी म्हणालो, "तुमच्या डोक्यात काय हाय ते आज मला दिसलं. पर माझ्या डोक्यावर काय न्हवतं, ते त्या दिवशी समद्या मांडवाला दिसलं."

मी कात्री, टाचण्या आणि पट्टा उचलला आणि संध्याकाळच्या गाडीने फलटणला आलो. शर्वरी स्टँडपर्यंत सोडायला आली होती. तिने ये म्हटलं नाही. "मुहूर्त दहा चाळीसचा आहे," एवढंच म्हणाली.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला.

"जोती, तू यावंस म्हणून न्हाई केला फोन. एक इचारायचं होतं. दाजींनी त्ये तयार फेटं मागिवल्यात, शिवलेलं. दीडशे. डोक्याला कसं बसत्यात रं त्ये?"

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. "शिवलेलं? माझ्या भाचीच्या लग्नात?"

"मग बांधणार कोण? तू तर येत न्हाईस."

मी फोन ठेवला. राग दाजींवरचा वेगळा आणि हा वेगळा. हा धंद्याचा होता. सकाळी सहाला मी टेम्पोत दोनशे कापडं टाकली आणि निघालो. मनाशी ठरवलं होतं की फेटे बांधायचे, मुहूर्ताआधी परत फिरायचं, पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

कोरेगावच्या मांडवात शिरलो तर शिवलेला एकही फेटा कुठे दिसेना. शंभरेक माणसं आली होती आणि सगळी बोडकी. मांडवाच्या मधोमध एक रिकामी खुर्ची होती. खुर्चीशेजारी दाजी उभे, हातात एक कापड. अंजिरी. माझ्या खणातला. मी अक्काकडे बघितलं. ती पदराआड हसत होती. शर्वरी हिरव्या चुड्यात तिच्या मागे उभी होती आणि तीच चोर आहे हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

माइकवाला खाकरला. "मानाचा पहिला फेटा. मुलीचे मामा, श्रीयुत जोतिराम बाबुराव शेळके, फलटण. यांनी खुर्चीवर येऊन बसावं."

एवढ्या वर्षांत हजारो माणसं मी त्या खुर्चीवर बसताना बघितली. तिथपर्यंत चालत जाणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मी बसलो.

"कुणाला बोलावलंय बांधायला?" मी दाजींना हळूच विचारलं.

"मीच," दाजी म्हणाले. "तीन आठवडे कळशीवर सराव केलाय. कळशी हलत नाही, तुम्हीही हलू नका."

त्यांनी एक टोक दातांत धरलं, तेही चुकीचं. पीळ पाहिजे तिथे पदर सोडला, सोडायचा तिथे पीळ दिला. एकदा सगळं सुटून माझ्या नाकावर आलं, मांडव हसला, दाजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. माझी बोटं मांडीवर नुसती वळवळत होती, पण मी ती दाबून धरली. पंधरा मिनिटं लागली. मी ते काम अर्ध्या मिनिटात करतो. शेवटी तुरा वर उभा राहायच्या ऐवजी डाव्या कानाकडे झुकला आणि शेमला माझ्या पाठीऐवजी खांद्यावर आला.

दाजी मागे सरकून बघत म्हणाले, "जमला का हो?"

मी बघायला आरसा मागितला नाही. उठलो आणि त्यांना मिठी मारली. रडलो, ते सगळ्यांनी बघितलं, बघू दे. मग कापडं सोडली आणि दीड तासात दीडशे डोकी झाकली. बोटं त्या दिवशी दुखलीच नाहीत.

दहा चाळीसला भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी शर्वरीचा हात धरून निघालो. शिवाजी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. वाटेत माझा फेटा घसरून एका डोळ्यावर आला.

"मामा, थांब, नीट करते," ती कुजबुजली.

"हात लावायचा न्हाई."

मंगलाष्टकं होईपर्यंत मी एका डोळ्याने बघत तिच्या पाठीशी उभा राहिलो. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक जेवायला वळले. मीही जेवलो, दोनदा जिलबी घेतली. पंगतीत शेजारी मुलाकडचे एक पाहुणे बसले होते. त्यांच्या डोक्यावर मीच बांधलेला फेटा अगदी देखणा दिसत होता. ते मघापासून माझ्या डोक्याकडे बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"मामा, राग मानू नका," ते म्हणाले, "एवढे सगळे फेटे एक नंबर झालेत. तुमचाच तेवढा वाकडा. कुणी बांधला हो?"

मी पंगतीत वाढत फिरणाऱ्या दाजींकडे बोट केलं.

"घरच्या माणसानं," मी म्हणालो.